उसाला हमी आहे, पण ती कोणाकोणापर्यंत पोचते?
पुण्यातल्या साखर संकुलापासून फडातल्या कोयत्यापर्यंतचा हिशेब

राज्याचा २०२५-२६ चा ऊस गळीत हंगाम १ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर उसाच्या जोड ट्रॉल्यांची रांग पुन्हा दिसू लागली. शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांचा उसाशी संबंध बहुतेक वेळा तेवढाच येतो. लोणी काळभोर किंवा यवतजवळ ट्रॉलीमागे गाडी अडकली की आपण चरफडतो, उन्हाळ्यात रसवंतीवर थांबतो आणि ईदच्या आधी किराणा भरताना साखरेचा भाव विचारतो.

पण साखरेच्या या सगळ्या कारभाराच्या बऱ्याच चाव्या पुण्यातच आहेत. राज्याचं साखर आयुक्तालय शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे. कोणत्या कारखान्याला गाळप परवाना द्यायचा, कोणी शेतकऱ्यांचे पैसे थकवले, कोणावर जप्तीची कारवाई करायची, हे तिथून ठरतं. उसाच्या जाती आणि साखर तंत्रज्ञानावर काम करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीत आहे. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर शेतकरी संघटनांचे मोर्चे याच शहरात येतात.

आणि उसाशी आपलं नातं फक्त साखरेपुरतं नाही. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या तालुक्यांतल्या शेख, मुलाणी, इनामदार, तांबोळी घरांपैकी कित्येकांची एक-दोन एकर बागायत आहे. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यातला कोणी ट्रॅक्टर चालवतो, कोणी ट्रकचा मालक आहे, कोणाचं वेल्डिंगचं दुकान किंवा टायरचं गॅरेज कारखान्याच्या गेटसमोर आहे. हंगाम चांगला गेला की या घरांत लग्नं ठरतात, बिघडला की मुलांच्या फीचे हप्ते लांबतात. म्हणून उसाचं अर्थकारण समजून घेणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

शेतकरी ऊसच का लावतो?

उसावर टीका करणं सोपं आहे. पाणी पितो, जमीन खारवतो, दीड वर्ष रान अडवून ठेवतो, हे सगळं आपण ऐकतो आणि त्यात तथ्यही आहे. तरीही शेतकरी ऊस सोडत नाही. याचं कारण त्याच्या अडाणीपणात शोधणारे चुकतात. कारण साध्या हिशेबात आहे.

कांदा काढणीला आला की भाव पडतो. टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो. सोयाबीनला सरकारने हमीभाव जाहीर केला तरी बाजारात तो मिळेलच असं नाही. उसाचं तसं नाही. उसाला कायद्यानं ठरलेला दर आहे आणि तो विकत घेणारा कारखाना जवळपास आहे. तोडणीची टोळी कारखाना पाठवतो, वाहन कारखाना पाठवतो. गारपीट झाली किंवा चार दिवस अवेळी पाऊस पडला तरी द्राक्षासारखं सगळं पीक एका रात्रीत जात नाही. लागणीनंतर खोडवा घेता येतो, म्हणजे बियाण्याचा आणि मशागतीचा मोठा खर्च दुसऱ्या वर्षी वाचतो. ऊस नोंद दाखवली की सोसायटीचं पीककर्ज मिळतं. ज्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि गावात फक्त म्हातारे आईवडील आहेत, त्याला रोजची देखरेख मागणारी भाजी परवडत नाही, ऊस परवडतो.

थोडक्यात, राज्यातल्या शेतकऱ्याला खऱ्या अर्थानं हमी देणारं हे जवळजवळ एकमेव मोठं पीक आहे. आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो. ही हमी चांगली गोष्ट आहे. ती साखळीतल्या कोणाकोणाला मिळते आणि तिची किंमत कोण मोजतं, हे तपासायला हवं.

एफआरपीचं गणित आणि हातात येणारा पैसा

उसाच्या दराला एफआरपी म्हणतात, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. हा दर केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. पण हा आकडा वाचून कोणी सरळ गुणाकार करू नये. त्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट साखर उताऱ्याची. ३५५ रुपये हा दर १०.२५ टक्के उताऱ्यासाठी आहे. म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर. उतारा त्याहून वाढला तर प्रत्येक ०.१ टक्क्यामागे क्विंटलला ३.४६ रुपये वाढतात, घटला तर तसेच कमी होतात. साडेनऊ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी दर ३२९.०५ रुपयांखाली जात नाही. कोल्हापूर-सांगली भागात उतारा जास्त असतो, म्हणून तिथल्या आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला एकाच टनाचे वेगवेगळे पैसे मिळतात.

दुसरी गोष्ट तोडणी-वाहतुकीची. हा खर्च कारखाना आधी करतो आणि शेतकऱ्याच्या दरातून कापून घेतो. समजा हा खर्च टनाला ८५० रुपये आला. मग ३,५५० मधून हातात येतात २,७०० रुपये. एकरी ४० टन ऊस निघाला तर एक लाख आठ हजार. यातून बेणं, खतं, मशागत, पाणीपट्टी, वीजबिल आणि कर्जाचं व्याज वजा करायचं. आडसाली लागण असेल तर हा पैसा दीड वर्षानं येतो. महिन्याला किती पडले, याचा हिशेब ज्यानं-त्यानं आपल्या घरी बसून करावा. राज्याची सरासरी एकरी ३५ टनांच्या आसपासच आहे, हेही लक्षात ठेवावं.

म्हणून 'ऊसवाले श्रीमंत' ही समजूत एक-दोन एकरवाल्याला लागू होत नाही. नफा उत्पादकता वाढवण्यात आहे. ज्याची जमीन चांगली, पाणी पक्कं, बेणं शुद्ध आणि पाचट न जाळता सरीत कुजवण्याइतका धीर आहे, तो साठ-सत्तर टनांपर्यंत जातो. बाकीचे जुन्याच बेण्यावर तिसरा-चौथा खोडवा घेत राहतात आणि हुमणीनं मुळं खाल्ली की नशिबाला बोल लावतात.

चौदा दिवस

ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज द्यावं लागतं. देशात फार थोड्या पिकांना इतकं स्पष्ट संरक्षण आहे.

तरी यावरून दर वर्षी भांडण होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली. पहिला हप्ता आधी आणि उरलेली रक्कम हंगाम संपून त्या वर्षाचा खरा उतारा कळल्यावर. कारखानदारांचं म्हणणं असं होतं की साखर वर्षभर थोडी थोडी विकली जाते, मग सगळे पैसे चौदा दिवसांत आणायचे कुठून? त्यांची अडचण खरी आहे. पण शेतकऱ्यालाही सोसायटी आणि खतवाला दोन टप्प्यांत थांबत नाहीत. राजू शेट्टी यांनी या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिलं आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. केंद्राच्या आदेशात दिलेला हक्क राज्याच्या शासन निर्णयानं कमी करता येत नाही, हा त्यातला साधा बोध.

एखाद्या कारखान्याने पैसे थकवले तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात, त्याला सगळे 'आरआरसी' म्हणतात. मग जिल्हाधिकारी कारखान्याची साखर आणि मालमत्ता जप्त करून वसुली करू शकतात. कागदावर हत्यार धारदार आहे. प्रत्यक्षात आदेश निघेपर्यंत आणि अंमलात येईपर्यंत महिने जातात. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं इतकी का चालतात, याचं एक उत्तर इथंच आहे. गुऱ्हाळवाला दर थोडा कमी देईल, पण रोख देतो आणि ऊस लवकर तोडतो. घरात लग्न किंवा दवाखाना आला की शेतकरी तिकडेच वळतो.

आपल्या वाचकांपैकी काहींना १५ टक्के व्याजाचा प्रश्न पडतो. ते घ्यावं की नाही, हे ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. पण मुद्दल चौदा दिवसांत मिळणं हा कायद्याचा हक्क आहे आणि तो मागण्यात संकोच बाळगायचं कारण नाही.

पाणी: शहर आणि ऊस एकाच कालव्यावर

उसाची खरी मर्यादा पाण्याची आहे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींप्रमाणे पाटानं पाणी दिलं तर सुरू उसाला सुमारे २५० सेंटिमीटर आणि आडसालीला त्याहून बरंच जास्त पाणी लागतं. पुणे शहरात वर्षभरात साधारण ७० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि बारामती-दौंडच्या बाजूला त्याहूनही कमी. म्हणजे या भागातला ऊस पावसावर नाही, धरणांवर उभा आहे.

हे आजचं नाही. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या काळात इंग्रजांनी दख्खनमध्ये कालव्यांची कामं पुढे रेटली. खडकवासल्याचा तलाव १८७९ च्या सुमारास पुरा झाला आणि नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी असा हेतू होता. पण बारमाही पाणी आलं की शेतकरी जास्त पैसा देणाऱ्या पिकाकडे जातो, तसा तो उसाकडे गेला. नीरेच्या पट्ट्यात पुढे माळेगाव आणि सोमेश्वरसारखे सहकारी कारखाने उभे राहिले, त्यांनी एफआरपीपेक्षा चांगला दर देऊन नाव कमावलं आणि या गावांचं रूप पालटलं. शाळा, कॉलेजं, दूध संघ, पतसंस्था, दवाखाने या सगळ्यांत उसाचा पैसा आहे.

आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. त्यातून पुणे शहर पाणी पितं आणि मुठा उजव्या कालव्यातून हवेली, दौंड, इंदापूरची शेती भिजते. शहर वाढतं आहे, धरणं तेवढीच आहेत. दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत शहर विरुद्ध शेती असा वाद होतो. शहरवाले म्हणतात, ऊस पाणी पितो. गाववाले म्हणतात, पुणेकर गाड्या धुतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडं-थोडं खरं आहे.

यावर काढलेला एक मार्ग आपल्याला रोज दिसतो, पण लक्षात येत नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं वापरलेलं, प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या 'बेबी' कालव्यात उचललं जातं आणि ते पूर्वेकडच्या शेतीला मिळतं. वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी असं द्यायचं ठरलं होतं. कल्पना उत्तम आहे. पण पाणी पुरेसं आणि नीट शुद्ध केलेलं असेल तरच ती टिकेल. नाहीतर शहराची घाण मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जाते, आणि तेच पाणी सोलापूरकडच्या माणसांनी आणि पिकांनी प्यायचं, हा न्याय नव्हे.

राज्यपातळीवरचं चित्र आणखी बोलकं आहे. लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या सुमारे ७० टक्के पाण्याचा वाटा घेतो, असा अंदाज केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानं मांडला होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं. ज्या मराठवाड्यात ही पाळी आली, तिथंही साखर कारखाने उभे होते. जुलै २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की सुमारे तीन लाख हेक्टर ऊस टप्प्याटप्प्यानं ठिबकवर आणायचा. निर्णय योग्य होता, अंमलबजावणी रेंगाळली. ठिबकमुळे चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं आणि उत्पन्नही वाढतं, हे अनेक शेतांत सिद्ध झालं आहे. पण पाणीपट्टी क्षेत्रावर आकारली जाते तोवर पाणी वाचवणाऱ्याला कालव्याकडून काही सवलत मिळत नाही. अनुदान आधी खर्च करून मागून मिळतं, आणि छोट्या शेतकऱ्याकडे आधी खर्चायला पैसे नसतात.

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग उसात आणला आहे. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं यांवरून कधी आणि किती पाणी द्यायचं, हे शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतं. प्रयोग आशादायक आहे. आमची सूचना एवढीच की त्याची सुरुवात दहा एकरवाल्यांपासून करून थांबू नये. एक-एक एकरवाल्या वीस जणांचा गट केला तर खर्च विभागता येतो.

हवामानाचा फटका

गेल्या काही हंगामांचे आकडे पाहिले तर ऊस किती डळमळीत पायावर उभा आहे ते कळतं. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर बनवून विक्रम केला. २०२३-२४ मध्ये ती ११० लाख टनांवर आली आणि २०२४-२५ मध्ये सुमारे ८१ लाख टनांपर्यंत घसरली. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, लागवड घटली, पुढच्या वर्षी उसाला तुरा लवकर आला आणि वजन आणि उतारा दोन्ही कमी पडले. इथेनॉलकडेही काही साखर वळली. ऊस कमी म्हणून अनेक कारखाने शंभर दिवससुद्धा चालले नाहीत. कारखाना कमी दिवस चालला की त्याचा प्रतिटन खर्च वाढतो, हंगामी कामगाराचा पगार घटतो, ट्रकवाल्याच्या खेपा कमी होतात, गेटवरच्या चहावाल्याचा धंदा बसतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये उलटं झालं. मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी आणि पुरानं उभी शेती गेली. इतर पिकांच्या मानानं ऊस टिकला, पण पाणी साचलेल्या रानात तो आडवा झाला आणि मुळं कुजली. एकाच पिकावर सगळं घर उभं करणं किती धोक्याचं आहे, हे कोरड्या वर्षानं शिकवलं आणि ओल्या वर्षानंही.

साखरेचा भाव आणि इथेनॉल

एफआरपी दर वर्षी वाढते. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढची कित्येक वर्षं तिथंच राहिली. २०१९-२० मध्ये एफआरपी टनाला २,७५० रुपये होती, आता ३,५५० आहे. बाजारात साखर ३१ रुपयांपेक्षा वर विकली जाते हे खरं, पण बँक कारखान्याला कर्ज देताना आणि कारखाना शेतकऱ्याला जादा दर देताना हाच तळाचा आकडा आडवा येतो.

सरकारचीही अडचण आहे. साखर महागली की शहरातलं प्रत्येक घर ओरडतं. आपणही ओरडतो. शिरखुर्म्याचं सामान आणताना दोन रुपये वाढले तरी आपल्याला खटकतं. पण घरात लागणारी साखर आणि थंड पेयं, बिस्किटं, मिठाई बनवणाऱ्या मोठ्या उद्योगांना लागणारी साखर एकाच भावानं का विकावी, हा प्रश्न शेतकरी संघटना अनेक वर्षं विचारत आहेत. देशातली निम्म्याहून अधिक साखर उद्योग-धंद्यांतच खपते असं मानलं जातं. रेशनवर गरिबाला स्वस्त साखर आणि उद्योगाला बाजारभाव, हा विचार आम्हाला पटतो.

इथेनॉलनं मधल्या काळात मोठा आधार दिला. साखर विकायला वर्ष लागतं, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात, म्हणून एफआरपी वेळेवर देणं सोपं झालं. अनेक कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या. मग ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला एकदम बंदी घातली, आठवडाभरात ती थोडी सैल केली आणि पुढच्या वर्षी उठवली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं गेलं, पण आता त्यात मका आणि तांदळाचा वाटा उसापेक्षा मोठा झाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये १५ लाख टन साखर निर्यातीला परवानगी मिळाली, तीही हंगाम सुरू झाल्यावर. ऊस दीड वर्षाचं पीक आहे. त्याचं धोरण मात्र आठवड्यात बदलतं. लागण करताना शेतकऱ्याला आणि गुंतवणूक करताना कारखान्याला पुढची दोन वर्षं दिसली पाहिजेत.

थेऊरचा धडा

महाराष्ट्रातला सहकारी साखर कारखानदारीचा पाया विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला घातला आणि १९५० मध्ये तिथं गाळप सुरू झालं. त्यांच्या पाठीशी पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे होते. शेतकरी हाच मालक, हा त्यातला मूळ विचार.

पुण्याच्या वेशीवर या विचाराचं काय झालं ते थेऊरला दिसतं. अण्णासाहेब मगर यांनी उभा केलेला यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला. हजारो सभासद, कामगारांची देणी, बँकांची कर्जं आणि ओस पडलेली यंत्रं मागे राहिली. २०२५ मध्ये त्याची सुमारे ९९ एकर जमीन पुणे बाजार समितीला २९९ कोटी रुपयांना विकायला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि त्यावरूनही सभासदांत दोन तट पडले. काहींना त्यातून कारखाना पुन्हा सुरू होईल अशी आशा आहे, काहींना जमीन हातची गेली असं वाटतं. पाटसचा भीमा कारखानाही काही हंगाम बंद राहून पुढे कर्नाटकातल्या एका खासगी समूहाकडे भाड्यानं गेला. आज राज्यात चालणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी निम्मे खासगी आहेत.

खासगी म्हणजे वाईट आणि सहकारी म्हणजे चांगला, असा सरसकट निवाडा आम्ही करणार नाही. चांगला दर देणारे आणि पैसे थकवणारे दोन्हीकडे आहेत. फरक एवढाच की सहकारी कारखान्यात सभासदाला वार्षिक सभेत उभं राहून विचारायचा हक्क आहे. तो वापरला नाही तर कारखाना संचालकांचा होतो आणि शेवटी कोणाचाच राहत नाही.

कोयत्याला हमी कुठली?

आता साखळीतल्या सगळ्यात खालच्या माणसाकडे येऊ. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या भागांतून लाखो माणसं ऊस तोडायला निघतात. वंजारी, बंजारा, दलित, भटके आणि काही मुस्लिम कुटुंबंही त्यांत असतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे, आणि पाच-सहा महिने ती फेडायची. राहायला पालं आणि कोप्या, अंगणवाडी दूर, शाळा सुटलेली.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. वाढ स्वागतार्ह आहे. पण जोडीनं दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडला, तर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून दोघांना मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये पडतात. त्यातून उचल कापली जाते. आजारी पडलं तर खाडा.

या खाड्याच्या भीतीनं काय होतं ते २०१९ मध्ये सगळ्या राज्यानं वाचलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यात पाहणी केली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली, त्यांतल्या कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. ज्या साखरेनं आपण तोंड गोड करतो, तिच्यामागे ही कहाणी आहे.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये घेतले जातात आणि तेवढीच रक्कम सरकारने द्यायची आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. पण बहुतेक कामगारांकडे ओळखपत्रच नसेल तर योजनेचा फायदा कोणाला? शेतकऱ्याच्या दराचा कायदा आहे, पैसे द्यायची मुदत आहे, व्याज आहे. तोडणाऱ्याचा करार मात्र मुकादमाच्या वहीत असतो. मजुराची मजुरी त्याला वेळेवर आणि पुरी मिळावी, हे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवलं जातं. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत ती शिकवण अजून कायद्यात पुरती उतरलेली नाही.

आता हार्वेस्टर वाढत आहेत. एक यंत्र कित्येक कोयत्यांचं काम करतं. दहा वर्षांनी फडात माणसं कमी दिसतील. ही माणसं कुठे जातील, याचा विचार आजच व्हायला हवा.

मग करायचं काय?

सरकारकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. चौदा दिवसांच्या नियमाला पळवाटा काढू नयेत. साखरेची किमान किंमत एफआरपीशी जोडावी. ठिबकचं अनुदान छोट्या शेतकऱ्याला आधी मिळावं आणि कालव्याचं पाणी मोजून द्यावं. पुण्याचं सांडपाणी नीट शुद्ध करूनच कालव्यात आणि नदीत सोडावं. ऊसतोड कामगाराला ओळखपत्र, लेखी करार, विमा आणि फडाजवळ आरोग्य तपासणी मिळावी.

काही गोष्टी आपल्या हातात आहेत. ज्यांची ऊसशेती आहे त्यांनी ऊस नोंदीची पावती, वजनाच्या पावत्या आणि कारखान्याचे दरपत्रक जपून ठेवावं. वजनाबद्दल शंका असेल तर बाहेरच्या काट्यावर वजन करून घ्यावं. वडिलांच्या पश्चात कारखान्याचा शेअर वारसांच्या नावावर करायचा राहून जातो आणि मग सभासदत्वाचा हक्क जातो, तो वेळेत करून घ्यावा. सातबाऱ्यावर बहिणींचं नाव लावताना जी टाळाटाळ होते तीही थांबावी. तिचा वाटा शरीयतनेही सांगितला आहे आणि कायद्यानेही. शक्य असेल तिथं उसासोबत हरभरा, कांदा किंवा भाजीचं आंतरपीक घ्यावं, म्हणजे दीड वर्ष एकाच चेकची वाट पाहावी लागणार नाही. ज्यांची मुलं कारखान्याच्या गॅरेजवर काम करतात त्यांनी हार्वेस्टर दुरुस्ती, डिस्टिलरी आणि सहवीजनिर्मितीची कामं शिकावीत. पुढचा रोजगार तिथं आहे.

आणि शहरातल्या आपण सगळ्यांनी पाण्याचा नळ बंद ठेवावा, कारण तेच पाणी इंदापूरच्या फडाला जायचं आहे. उसानं या भागाला उभं केलं, यात वाद नाही. कायद्यानं दिलेली हमी फक्त कारखान्याच्या गेटपर्यंत थांबली, तर ती अर्धी आहे. ती एक एकरवाल्या शेतकऱ्याच्या खात्यात आणि फडातल्या कोयत्याच्या हातात पोचली, तर पुढच्या पिढीलाही ऊस परवडेल.